जांभळ्या तारेवरचे पाच व्होल्ट

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना असलेल्या एका मालकांचा मे महिन्यात सकाळीच फोन आला. कार्यालयातला संगणक सुरू होत नाही आणि उद्या ११ तारीख आहे, एवढेच त्यांनी सांगितले. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची मुदत ११ तारखेला संपते आणि त्यांची सगळी विक्रीबिले त्याच संगणकातल्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. नवी पेठेतले माझे संगणकदुरुस्तीचे दुकान मुलाकडे सोपवून मी लगेच निघालो.

आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता. वीज गेली ती रात्रभर आली नाही आणि यूपीएसची बॅटरीही उतरून गेली. सकाळी वीज आल्यावर मॉनिटर, प्रिंटर सुरू झाले. सीपीयूचे बटण मात्र कितीही दाबले तरी ना पंखा फिरे, ना दिवा लागे. माझ्या आधी कोणी एक जण येऊन गेला होता. त्याने झाकणही न उघडता मदरबोर्ड, म्हणजे संगणकातले मुख्य सर्किट, जळाल्याचे सांगून नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला होता. हिशेब पाहणाऱ्या बाईंचा चेहरा उतरला होता. “दादा, टॅलीचा डेटा तरी मिळेल ना?” असे त्यांनी विचारले. “मॅडम, हार्ड डिस्कपर्यंत अजून आपण पोहोचलोच नाही. आधी वीज कुठपर्यंत येते ते बघू,” असे मी म्हणालो.

अशा वेळी भिंतीपासून आत जावे, हे मी कटाक्षाने पाळतो. सॉकेटवर २३० च्या आसपास व्होल्ट मिळत होते. मधला यूपीएस काढून टाकला, पॉवर केबल बदलली, एसएमपीएसच्या (संगणकाच्या आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचे बटण चालू असल्याची खात्री केली. झाकण उघडले तेव्हा आत कापसाच्या लवेचा राखाडी थर बसलेला होता आणि एसएमपीएसच्या पंख्याच्या पात्यांवर तर तिचा नमदाच झाला होता. महत्त्वाची खूण मात्र वेगळीच होती. या मदरबोर्डवर एक छोटा हिरवा दिवा आहे. संगणक बंद असला तरी भिंतीवरची वीज चालू असेपर्यंत तो तेवत राहायला हवा, आणि तो विझलेला होता.

एसएमपीएसमध्ये एक लहान भाग असा असतो की जो संगणक बंद असतानाही काम करत राहतो आणि जांभळ्या तारेवर सतत ५ व्होल्ट देतो. आपण समोरचे बटण दाबतो तेव्हा याच विजेवर जागा असलेला मदरबोर्ड हिरव्या तारेतून एसएमपीएसला सुरू होण्याचा निरोप देतो. जांभळ्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट अपेक्षित असतात. माझ्या मल्टिमीटरवरचा आकडा २ आणि ३ यांच्यामध्ये हेलकावत होता. एवढ्याने मात्र एसएमपीएस दोषी ठरत नाही, कारण मदरबोर्डवर कुठे शॉर्ट असेल तरीही व्होल्टेज असेच खाली ओढले जाते. म्हणून वीज बंद करून २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा असे दोन्ही कनेक्टर काढले आणि नुसत्या एसएमपीएसवर पुन्हा मोजणी केली. आकडा तसाच हेलकावत राहिला. मदरबोर्डवरचा आरोप तिथेच गळून पडला.

सोबत नेलेला चांगला एसएमपीएस जोडताच हिरवा दिवा लागला आणि बटण दाबल्यावर पंखे फिरले. विंडोज उघडले, टॅलीतली बिले जागेवर होती. बाईंना मी सर्वप्रथम पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायला लावला. जीएसटीचे संकेतस्थळ मात्र उघडेना, कारण संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटणसेल उतरलेला होता. भिंतीवरची वीज असेपर्यंत घड्याळ त्याच जांभळ्या तारेच्या विजेवर चालते, त्यामुळे सेल संपल्याचे इतके दिवस कोणाच्या लक्षात आले नव्हते. सेल बदलून तारीख नीट लावली आणि संकेतस्थळ उघडले.

“वीज कडाडली तेव्हाच जळाला असणार,” असे मालकांचे मत होते. मला ते पटत नव्हते, म्हणून तो एसएमपीएस मी दुकानात नेला. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाबाची वीज साचून राहू शकते, तेव्हा ती पूर्ण उतरल्याची खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये आणि घरी तर हा डबा उघडूच नये. फ्यूज शाबूत होता, जळल्याचा डाग कुठेही नव्हता. जांभळ्या तारेला वीज देणाऱ्या त्या स्टँडबाय भागातल्या एका छोट्या कपॅसिटरवर ४७ मायक्रोफॅरड ही क्षमता छापलेली होती आणि मोजल्यावर तो जेमतेम ५ भरला. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. सोलापूरचा उन्हाळा, लवेने कोंडलेला पंखा आणि दिवसरात्र चालू राहणारा हा भाग यांमुळे कपॅसिटरमधले द्रावण केव्हाच सुकत आले होते. एकदा चालू असलेला भाग त्यावरही कसाबसा तग धरतो. पूर्ण थंड होऊन नव्याने सुरू व्हायची वेळ आली, तेव्हा मात्र त्याला ते जमले नाही. बिघाड जुनाच होता, पावसाच्या रात्रीने तो उघडा पाडला.

मालकांना हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी त्याच खोलीतले, त्याच खरेदीतले बाकीचे संगणकही तपासायला बोलावले. त्यांपैकी एकाच्या जांभळ्या तारेवर ४.६ व्होल्ट मिळाले. तो चालू होता, तरी त्याचा एसएमपीएस मी त्याच दिवशी बदलला.