आमची वाटचाल : आधी पेट्रोल, मग गॅस

पुण्यात सातारा रस्त्याला धनकवडीत आमचं छोटं गॅरेज आहे. मी आणि माझा मावसभाऊ मिळून ते चालवतो. पेट्रोल गाडीला बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस सोडणाऱ्या) सीएनजी किटचं ट्युनिंग हे आमचं मुख्य काम. नवीन किट आम्ही बसवत नाही. बसवलेलं किट त्या इंजिनाशी जुळवून देतो, आणि ते जुळत नसेल तर का जुळत नाही ते शोधतो.

सुरुवात कार्बोरेटरवर झाली. तेव्हाच्या गॅस किटला एक स्क्रू असायचा; मेस्त्री कानाने ऐकत तो फिरवायचा आणि गाडी ‘सेट’ व्हायची. इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर गॅस किटचाही स्वतःचा ईसीयू, म्हणजे इंधन सांभाळणारा छोटा संगणक, आला. कंपनीचा ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरला किती मिलिसेकंद उघडायचं ते ठरवतो, गॅसचा ईसीयू तो वेळ ऐकतो, त्याला आपल्या मॅपमधल्या (आरपीएम आणि लोड, म्हणजे इंजिनावरचा भार, यानुसार आकड्यांच्या तक्त्यातल्या) आकड्याने गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. किट बसवताना गाडी जागेवर उभी ठेवून ऑटो-कॅलिब्रेशन करतात. बहुतेक गाड्या तेवढ्यावरच बाहेर पडतात. रस्त्यावर, चढावर, पाच माणसं बसल्यावर काय होतं ते कोणी पाहत नाही. आमचा धंदा उभा राहिला तो या जागी.

ते पाहण्याचं साधन म्हणजे फ्युएल ट्रिम. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण पातळ (इंधन कमी) आहे की घट्ट (इंधन जास्त), आणि ईसीयू त्यानुसार इंधन वाढवतो किंवा कमी करतो. ही वाढ-घट टक्क्यांत दिसते. शॉर्ट ट्रिम क्षणाक्षणाला हलतो. लाँग ट्रिम सावकाश शिकतो आणि लक्षात ठेवतो. दोन्हींची बेरीज पाहायची असते. बेरीज शून्याच्या आजूबाजूला पाच टक्क्यांत असली तर उत्तम, दहाच्या पलीकडे गेली तर कारण शोधायचं. पंचविसाच्या आसपास गेली की बहुतेक गाड्या चेक इंजिनचा दिवा लावतात, कोड पी०१७१ (पातळ) किंवा पी०१७२ (घट्ट).

हे सगळं मी आधी माझ्या स्वतःच्या जुन्या हॅचबॅकवर शिकलो. गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकायचं नाही, हे आम्ही दोघांनी पहिल्यापासून ठरवलेलं. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर, फोन, शेजारी बसून नोंदी घेणारा भाऊ आणि कात्रजचा जुना घाट. लोड पाहायला चढासारखी दुसरी सोय नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय नोंद घ्यायची नाही. आधी सगळा रस्ता पेट्रोलवर, मग तोच रस्ता त्याच गिअरमध्ये गॅसवर. गॅसवर अमुक आरपीएम आणि अमुक लोडला बेरीज पेट्रोलपेक्षा आठ टक्के जास्त आली, तर मॅपमधल्या त्या घरातला आकडा आठ टक्क्यांनी वाढवायचा. मग ट्रिमची स्मृती पुसून पुन्हा फेरी. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरचे आकडे मात्र यात धरायचे नाहीत. तेव्हा ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, मुद्दाम जास्त इंधन देतो. तिथलं मिश्रण बघायला वाइडबँड सेन्सर लागतो. आम्ही तो नंतर घेतला.

‘गॅसवरची बेरीज शून्यावर आणा’ असं सर्रास सांगितलं जातं. आमचं म्हणणं वेगळं आहे. गॅसवरची बेरीज पेट्रोलवरच्या बेरजेइतकी आणा. किटच्या गाडीत लाँग ट्रिमची वही एकच असते. कंपनीच्या ईसीयूला पत्ताच नसतो की आपण आता गॅसवर चालतोय. दिवसभर गॅसवर जे लिहिलं, तेच सकाळी पेट्रोलवर वाचलं जातं.

शाळेची व्हॅन चालवणारे एक काका आले होते. तक्रार अशी, की सकाळी सोसायटीच्या गेटपर्यंत गाडी झटके देते, एकदोनदा बंद पडते, आणि गॅसवर गेली की गुमान चालते. दोन ठिकाणी मॅप बदलून झाला होता. लॉग घेतला तर गॅसवरचे आकडे सुंदर, सगळीकडे शून्याजवळ. पेट्रोलवर चालवली, तर बेरीज चढत चढत १५ वर जाऊन बसली. पेट्रोल फक्त सकाळच्या स्टार्टपुरतं वापरल्यामुळे पेट्रोलचे इंजेक्टर चिकटले होते. सकाळी थंड इंजिनाला जास्त पेट्रोल हवं, इंजेक्टर कमी देतोय, आणि वहीत गॅसवरचं शून्य लिहिलेलं! मॅपला हात लावण्याचं कारणच नव्हतं. इंजेक्टर काढले, अल्ट्रासॉनिकमध्ये साफ केले, फिल्टर बदलला. पेट्रोलवरची बेरीज तीनवर आली. मग गॅसचा मॅप किंचित कमी करून तीही तीनवर आणली. काका आजही दर सुट्टीत गाडी दाखवायला येतात.

तेव्हापासून पेट्रोलवरचा लॉग चांगला आल्याशिवाय आम्ही लॅपटॉप गॅसच्या ईसीयूला जोडतच नाही. याला वेळ लागतो आणि काही गिऱ्हाइकं निघून जातात. चालेल. इंजिनाचा दोष मॅपखाली झाकून पाठवायचा आणि पैसे घ्यायचे, हे आम्हाला जमणार नाही. दिवा लागू नये म्हणून सेन्सरच्या वायरवर खोटा सिग्नल देणारा इम्युलेटर लावून द्या, असं म्हणणाऱ्यांनाही आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

घरी स्वतः ट्रिम पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. व्हिडिओत सांगतात, जागेवर ट्रिम जास्त आणि रेस केल्यावर कमी, म्हणजे व्हॅक्यूम लीक (कुठल्या तरी फटीतून इंजिनात जादा हवा शिरणं). हे एअरफ्लो सेन्सरच्या, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या, गाड्यांत खरं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो, म्हणजे मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा; वरच्या आकड्यांच्या मॅपशी त्याचा संबंध नाही. तिथे लीक झाला तर दाब वाढलेला दिसतो, ईसीयू त्या हवेलाही इंधन देतो, ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडल (जागेवरचा आरपीएम) मात्र चढतो. आपली गाडी कुठल्या जातीची ते आधी बघा.

सध्या कामात भर पडली आहे इथेनॉलची. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात. १० टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१, २० टक्के असेल तर १३.५. म्हणजे जुन्या गाडीत ई-२० भरलं की पेट्रोलवरचा ट्रिम ई-१० पेक्षा चारेक टक्क्यांनी वर सरकतो. गॅसला त्याच्याशी देणंघेणं नाही. पूर्वी नीट जुळवलेल्या गाड्या त्यामुळे सकाळी पुन्हा कुरकुर करू लागल्या. त्या आमच्याकडच्या असतील तर जुना लॉग आमच्याजवळ आहे, तुलना करून मॅप सरकवून देतो.

कंपनीतून सीएनजीसह आलेल्या गाड्या आम्ही घेत नाही. त्यांचा ईसीयू दोन्ही इंधनं ओळखतो, आणि त्याला हात लावणं आमचं काम नाही. किट आरसी बुकावर चढलेलं नसेल किंवा सिलिंडरच्या हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) मुदत उलटून गेली असेल, तर आधी ते करून घ्या. येताना किमान अर्धी टाकी पेट्रोल ठेवा, आणि आदल्या दिवशी बॅटरी काढू नका, नाहीतर वही कोरी होते आणि बघायला काहीच उरत नाही.