थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा : पैशांपेक्षा तारखांचा हिशेब मोठा

निवृत्तीनंतर थायलंडमधल्या च्यांग माईला राहायला जायचं ठरवलं, तेव्हापासून भेटेल त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, "किती पैसे दाखवावे लागतात?" उत्तर एका ओळीचं आहे. वय 50 पूर्ण हवं आणि थाई बँकेत एकट्याच्या नावावर 8 लाख बाथ हवेत, नाहीतर दरमहा 65,000 बाथ उत्पन्न. खरी कसोटी आहे ती कॅलेंडरची, आणि ती कुणी विचारत नाही.

आपण सरसकट रिटायरमेंट व्हिसा म्हणतो ते दोन टप्प्यांचं काम आहे. आधी 'नॉन-इमिग्रंट ओ' हा 90 दिवसांचा व्हिसा आणि मग तिथल्या इमिग्रेशनकडून वर्षाची मुदतवाढ. 'ओ-ए' नावाचा दुसरा प्रकार भारतातूनच घेता येतो, पण त्याला पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि वर 30 लाख बाथचा आरोग्यविमा लागतो. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाला तो विमा किती हप्त्यात मिळतो हे एकदा विचारून पाहिलं आणि 'ओ'चा अर्ज भरला.

आता गणित बघा. वर्षाच्या मुदतवाढीचा पहिला अर्ज करता त्या दिवशी 8 लाख बाथ खात्यात किमान दोन महिने पडून असायला हवेत. व्हिसा 90 दिवसांचा. म्हणजे विमानातून उतरल्यापासून जेमतेम महिनाभरात खातं उघडून पूर्ण रक्कम आत गेली पाहिजे. आणि खातं सहज उघडत नाही. आमच्या बँकेला इमिग्रेशनचा रहिवासाचा दाखला हवा होता. तो दाखला मागायला गेलो की टीएम 30 विचारतात. परदेशी माणूस घरात राहायला आला की 24 तासांत घरमालकाने द्यायची ही वर्दी. म्हणून घर बघताना गॅलरी, पंखे, नळाचं पाणी हे सगळं नंतर. आधी मालकाला विचारायचं, टीएम 30 भरणार का? एका मालकाने हसून विषय बदलला. जागा झकास होती, भाडंही कमी होतं, तरी सोडली. पहिल्या शाखेने कागद न बघताच नकारार्थी मान हलवली. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत तासाभरात पासबुक हातात पडलं. शाखेगणिक नियम बदलतात, तेव्हा वाद न घालता पुढची शाखा गाठावी.

भारतातून पैसे पाठवण्यातही तारीख आहेच. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. प्रश्न टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा. आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर बँक 20 टक्के कापते. रिटर्न भरल्यावर ते वळतं होतं, परतही मिळतं, पण तोवर अडकून पडतं. 8 लाख बाथ म्हणजे वीस लाखांच्या वरच. यावर उपाय म्हणजे मार्चच्या मध्याला पोहोचायचं, निम्मे पैसे 31 मार्चच्या आत मागवायचे आणि उरलेले एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. 13 एप्रिलला सोंगक्रान हा थाई नववर्षाचा सण सुरू होतो आणि बँका बंद असतात, म्हणून त्याच्या आत. आम्ही तसंच केलं. मात्र मार्च-एप्रिल हा च्यांग माईचा धुराचा मोसम. शेतं आणि जंगलं पेटलेली असतात, समोरचा दोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो. बराचसा टीसीएस वाचवला आणि महिनाभर घरात मास्क लावून बसलो. दम्याचा त्रास असेल तर हा सौदा करू नये, टीसीएस कापला तरी परवडला.

हिचं नाव माझ्या मुदतवाढीत अवलंबित म्हणून घातलं, म्हणजे तिच्यासाठी वेगळे 8 लाख लागत नाहीत. पण त्यासाठी विवाहाचा दाखला लागतो आणि तो नुसता नेऊन चालत नाही. आमच्या वेळी राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि थाई दूतावास असे शिक्के घेऊन, तिकडे थाई भाषांतर करून पुन्हा प्रमाणित करावा लागला. हे भारतात असतानाच उरकावं. परदेशात बसून कुरियरवर दाखले फिरवायचे म्हणजे डोक्याला ताप.

अर्जाच्या दिवशी सकाळी आधी बँकेत. बँकेचं पत्र त्याच दिवसाचं लागतं आणि पासबुकातली शेवटची नोंदसुद्धा. बँकेच्या दारातच हिने पासबुक उघडून पाहिलं. "अहो, यात आजची तारीख कुठाय?" मग मशीनमध्ये 100 बाथ भरले, पासबुक पुन्हा छापून घेतलं, त्या पानाची झेरॉक्स काढली. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या पेनाने सही. टीएम 7 अर्ज, 4 बाय 6 सेंटिमीटरचा फोटो, फी 1,900 बाथ. खिडकीवरच्या बाईंनी पानं मोजली, एका पानावर सही राहिली होती तिथे बोट ठेवलं, आणि पुढचा नंबर पुकारला. सगळं मिळून एवढंच. पासपोर्टची मुदत वर्षाच्या आत संपत असेल, तर मुदतवाढही तिथपर्यंतच मिळते, म्हणून तो आधी नवा करून घ्या.

शिक्का मिळाला की पैसे मोकळे झाले असं समजू नका. त्यानंतर तीन महिने 8 लाख तसेच ठेवायचे, पुढेही 4 लाखांच्या खाली जायचं नाही आणि पुढच्या अर्जाआधी पुन्हा 8. आम्ही त्या खात्याला हातच लावत नाही, घरखर्चाचं खातं वेगळं आहे. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा असतो. मुदतीच्या 15 दिवस आधीपासून ते सात दिवस नंतरपर्यंत चालतं, उशीर झाला तर 2,000 बाथ दंड. आणि लग्नकार्याला भारतात यायचं तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिट घ्यायचंच. एका खेपेला 1,000, हव्या तितक्या खेपांना 3,800 बाथ. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की मुदतवाढ रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

रोजच्या जगण्याला फार काही लागत नाही. विजेचं बिल सेव्हन-इलेव्हनमध्ये भरता येतं, लाल सोंगथेव, म्हणजे तिथली शेअर टॅक्सी, हात केला की थांबते. शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकानं शोधावीत. तिथे मासळीचा सॉस नसतो, कांदा-लसूणही नसतो. बाकी ठिकाणी भाजीतही तो सॉस असतोच. दुचाकी चालवायची तर मोटरसायकलचं वैध लायसन्स हवं, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. आपलं भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो. च्यांग माईत भारताचं वाणिज्य दूतावास आहे, तिथे तो होतो.

कराचं मात्र सीएशी बसून नीट समजून घ्या. वर्षात 180 दिवस थायलंडमध्ये राहिलात की तिथले करनिवासी होता आणि 1 जानेवारी 2024 पासूनची बाहेरची कमाई तिथे आणली तर ती करपात्र धरली जाते. भारताशी दुहेरी कराचा करार आहे, पण तो आपोआप लागू होत नाही, कागद दाखवावे लागतात.

आणखी एक काम बरेचजण टाळतात. 8 लाखांचं खातं एकट्याच्या नावावर, म्हणजे उद्या मला काही झालं तर हिला त्यातला एक बाथही सहज काढता येणार नाही. तिथल्या वकिलाकडून फक्त थायलंडमधल्या पैशांपुरतं थाई मृत्युपत्र करून घेतलं. मूळ प्रत वकिलाकडे, एक हिच्या कपाटात आणि स्कॅन मुलीच्या मेलवर.