मारू नका काका, ते आपल्या बाजूचे आहेत

झाडांच्या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ फवारणीत नाही जात, लोकांच्या हातातला पंप खाली ठेवायला लावण्यात जातो. मध्यंतरीची ही केस तशीच आहे पण त्यात एक गंमत होती म्हणून लिहितेय.

एका काकांचा फोन आला. घर त्यांनी दुसऱ्याकडून घेतलेलं, मागच्या अंगणात एक झाड आधीपासून उभं, दोन माणूस उंच असेल, लावणाऱ्यांनी जाताना नाव काही सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. आता त्याची पानं काळी पडलीत, फांद्यांवर पांढरा कापूस साठलाय, खाली उभं राहिलं तर डोक्यावर चिकट थेंब पडतात. एवढं ऐकून मी मनात म्हटलं मिलीबग, म्हणजे आपला पिठ्या ढेकूण, नेहमीचंच. पण मग काका म्हणाले, "ताई, ते किडे आता मोठे झालेत आणि चालायला लागलेत, भराभर चालतात, तुम्ही आज आलात तर ठीक नाहीतर मी माझ्या पद्धतीने बघतो."

तिथे माझे कान टवकारले. पिठ्या ढेकणाची पिल्लं फिरतात, पण ती टाचणीच्या टोकाएवढी, साध्या डोळ्याला जेमतेम दिसतात. पूर्ण वाढलेली मादी सोंड खुपसून बसली की फारशी हलत नाही, हलली तरी अगदी रेंगाळत. भराभर चालणारा मोठा पिठ्या ढेकूण हे काही पटेना. काकांना म्हटलं मी येईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही.

पोचले तर पंप भरून तयार, बाजूला कुठल्यातरी जालीम औषधाची बाटली, वास गेटपर्यंत. काका चांगले होते हो, पण घाईत होते. मी आधी झाडाचं नाव शोधायला लागले तर वैतागले, "नाव कळून काय करायचंय, बारसं करायचंय का? किडे मारा." आता हे सगळेच म्हणतात. पण झाड कुठलं हे कळल्याशिवाय काय काय कळत नाही ते बघा: त्याला खायचं फळ येतं की नाही, फुलांवर कोण येतं, पानं गळताहेत ती किडीने की त्याचा गळायचाच हंगाम आहे, त्याला कुठल्या किडी नेहमी होतात, आणि तेल किंवा साबण त्याच्या कोवळ्या पानाला सोसतो का. हे माहीत नसताना फवारणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

काकांचा स्वतःचा अंदाज फणसाचा होता. कारण काय तर झाडाखाली त्यांना एक काटेरी, वाळून काळं झालेलं छोटं फळ मिळालेलं, ते त्यांनी खिडकीत जपून ठेवलं होतं (हे मात्र उत्तम केलं, पडलेलं फळ, फूल, बी काहीही फेकू नये). त्यांच्या मुलीने मोबाईलवरच्या अ‍ॅपने फोटो काढून बघितला तर अ‍ॅप एकदा सोनचाफा म्हणालं, एकदा रामफळ, एकदा भलतंच काहीतरी. अ‍ॅपचा काय दोष, पानावर काळ्या बुरशीचा थर, फोटो त्या थराचा आला. अ‍ॅप वाईट नसतात, पण ते संशयितांची यादी देतात, निकाल आपण लावायचा असतो.

तर मी ओल्या फडक्याने एक पान पुसलं. काळा थर सालासारखा उचलून आला आणि खाली पान गर्द हिरवं, चकचकीत, एकदम ठणठणीत. मग देठ मोडला. फणस असता तर पांढरा चीक आला असता, इथे काहीच नाही. (चीक बघायचा असेल तर हाताला लावून घेऊ नका आणि डोळ्याजवळ तर अजिबात नको, काही झाडांचा चीक भयंकर असतो.) मग फांदी बघितली. फणस आणि सोनचाफा दोघांच्याही कोवळ्या फांदीवर पानाच्या देठापाशी गोल वळं असतं, कोवळ्या पानाला झाकणारं आवरण गळून पडलं की त्याचा व्रण पूर्ण फांदीभोवती राहतो. इथे वळं नव्हतं. म्हणजे फणसही गेला आणि सोनचाफाही गेला, आणि ह्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

उरलं काय? पानं एकाआड एक आणि फांदीच्या दोन बाजूंना दोन सरळ ओळीत, म्हणजे फांदी आडवी धरली की सपाट दिसते. चुरगळलं तर उग्र वास. हा सगळा सीताफळाच्या घराण्याचा थाट. पण सीताफळाचं पान इतकं जाड चकाकणारं नसतं आणि रामफळाचं लांबुळकं, निमुळतं असतं, हे पान टोकाकडे जास्त रुंद होतं. मग भिंग काढलं आणि पान उलटं केलं. मधली शीर आणि बाजूच्या शिरा जिथे भेटतात त्या बेचकीत बारीक खळगी, अगदी इवलासा खिसा, बऱ्याच बेचक्यांत तसाच. तिथे माझी खात्री झाली. लक्ष्मणफळ! काकांच्या खिडकीतलं फळ हातात घेतलं तर काटे फणसासारखे ताठ एकमेकांना चिकटलेले नव्हते, सुटे, टोकाशी वाकलेले. आणि खोडालाच एक कळी लागलेली, तिकोनी, जाड पाकळ्यांची, हिरवट पिवळी. फणसही खोडाला लागतो, लक्ष्मणफळही लागतं, त्यामुळे काकांचा अंदाज अगदीच वाऱ्यावर नव्हता.

नाव ऐकल्याबरोबर काकू आतून बाहेर आल्या. "म्हणजे ते कॅन्सरवालं ना? ह्याच्या पानांचा काढा घेतात म्हणे." हे मला दर वेळी ऐकावं लागतं. मी सरळ सांगितलं, काकू, प्रयोगशाळेत पेशींवर काही परिणाम दिसलेत हे खरं, पण माणसाचा कॅन्सर त्याने बरा होतो ह्याला पुरावा नाही. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर केलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ह्या कुळातली फळं आणि पानांचा काढा नेहमी घेणारे आणि पार्किन्सनसारखा एक मज्जातंतूंचा आजार ह्यांचा संबंध दिसला होता. फळ कधीतरी खा, काढ्याच्या भानगडीत पडू नका, आणि औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच नाही. काकूंचा चेहरा पडला, पण काय करणार.

आता किडी. फांद्यांच्या बेचकीत, पानांच्या मागे, वाळक्या फळाच्या देठाशी पिठ्या ढेकणांचे पुंजके होते. मादी तीनचार मिलिमीटरची, चपटी, पिठात लोळवलेली, पाठीमागे कापसाची पिशवी आणि तिच्यात काही शे अंडी. हे रस शोषतात, जास्तीची साखर चिकट पाण्याच्या रूपात बाहेर टाकतात, तेच काकांच्या डोक्यावर पडत होतं. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती पान खात नाही, फक्त पानाचं ऊन अडवते, म्हणूनच पुसल्यावर खालचं पान ठणठणीत निघालं. त्यामुळे बुरशीनाशक मारायची काहीच गरज नसते, चिकटा थांबला की ती वाळून पापुद्र्यासारखी निघून जाते. आणि मुंग्या! खोडावर वरखाली दोन रांगा. मुंग्यांना तो गोडवा हवा असतो म्हणून त्या पिठ्या ढेकणांवर पहारा ठेवतात, त्यांना खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात. मुंग्या ह्या प्रकरणात गुन्हेगाराच्या वकील असतात असं मी नेहमी म्हणते.

मग काकांनी मला त्यांचे ते "चालणारे" दाखवले. भिंतीकडच्या फांदीवर होते. पांढरे शुभ्र, सेंटीमीटरभर लांब, अंगावर मेणाच्या जाडजाड लोंबत्या झिपऱ्या, आणि खरंच चांगलेच पळत होते. लांबून बघितलं तर कोणीही शपथेवर सांगेल की पिठ्या ढेकूणच आहे, फक्त खाऊन पिऊन सुजलेला. मी एकाला ब्रशवर घेतलं आणि भिंगाखाली धरून काकांना बघायला दिलं. एवढ्यात त्याच फांदीवर दुसरा एक एका पुंजक्यात तोंड घालून अंड्यांची पिशवी फोडत होता, कापूस बाजूला ओढायचा, आत शिरायचा, परत मागे यायचा. काका काहीच बोलेनात. मग म्हणाले, "हा तर त्यांना खातोय."

खातोच. ही क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डच्या जातीतल्या) अळी. पिठ्या ढेकणासारखं रूप घेऊन त्यांच्यातच राहते आणि त्यांनाच खाते, अंगावरच्या मेणामुळे मुंग्यांचाही त्रास कमी होतो. थोडं शोधल्यावर पूर्ण वाढलेला किडाही सापडला, चार मिलिमीटर, काळपट पाठ, डोकं आणि मागचं टोक तांबूस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९१ साली आल्बर्ट कोबेले ह्या कीटकतज्ज्ञाने तो कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय बागांतल्या पिठ्या ढेकणांसाठी नेला आणि तिथून पुढे तो जगभर गेला. लोक तो विकत मागवून बागेत सोडतात हो, आणि काका त्याच्यावर पंप घेऊन निघाले होते! त्यांच्या त्या बाटलीतलं औषध मारलं असतं तर अळ्या तासाभरात मेल्या असत्या आणि पिशवीतली अंडी मात्र कापसात सुरक्षित राहिली असती, म्हणजे पुढच्या खेपेला पिठ्या ढेकूण दुप्पट आणि त्यांना खाणारा कोणी नाही.

ओळखायची खूण सांगते कारण हे खूप जणांकडून होतं. पिठ्या ढेकणाला काडीने ढोसलं तर तो जागचा हलत नाही किंवा अगदी हळू सरकतो, आणि त्याच्या कडेची झालर आखूड, बारीक असते. अळी लगेच पळ काढते, झिपऱ्या लांब आणि अस्ताव्यस्त, आकार मादीच्या दुप्पट तिप्पट. शंका आली की एकाला उलटं करा, सहा दणकट पाय स्पष्ट दिसतात.

काकांच्या कोणा मित्राने दशपर्णी अर्क, म्हणजे दहा प्रकारच्या पाल्यांचा घरगुती कीडनाशक अर्क, सुचवला होता, पंपातलं औषध नको असेल तर पर्याय म्हणून त्याची बादली होती. दशपर्णी मी वापरते, माझा विरोध नाही, पण त्यात सीताफळाचा पाला असतो आणि इथे किडी सीताफळाच्याच सख्ख्या भावंडावर सुखाने नांदताहेत, त्यामुळे त्या पाल्याकडून फार आशा नको म्हटलं. सीताफळाच्या बियांची पूड मारा असंही कोणी सांगतं, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, त्यामुळे ती मी कोणालाच सांगत नाही.

मग केलं काय ते. पहिलं काम मुंग्या. खोडाला कापडाची वीतभर रुंद पट्टी घट्ट गुंडाळली, त्यावर चिकट गोंद, सरळ सालीवर ग्रीस वगैरे फासायचं नाही, साल खराब होते. पट्टी बांधून झाली, मुंग्या खाली अडकून गोंधळ घालायला लागल्या, पण वरच्या रांगा काही थांबेनात. शोधत शोधत गेले तर कपडे वाळत घालायची तार! एक टोक खिडकीच्या हुकाला, दुसरं टोक झाडाच्या फांदीला, आणि तारेवरून मुंग्यांची निवांत ये-जा. तार सोडवली, भिंतीला टेकणाऱ्या दोन फांद्या मागे कापल्या. कुठल्याही झाडाला पट्टी बांधाल तर आधी असे पूल शोधा, नाहीतर पट्टी नुसती शोभेला राहते.

भिंतीकडची अळ्यांची फांदी सोडली, तिला पाणीसुद्धा मारायचं नाही. बाकीच्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, त्यानेच निम्मा कापूस पडला. अगदी गच्च भरलेले शेंडे कापले, पण कापलेली प्रत्येक काडी आधी बघायची, अळी दिसली की ब्रशने उचलून झाडावर परत. जाड फांद्यांच्या बेचकीत जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी घासलं, पालाशयुक्त द्रव साबण लिटरला १० मिली, भांड्याची पावडर किंवा डिटर्जंट नाही, त्याने पानं करपतात. साबण अंगाला लागला तरच काम करतो, वाळला की संपला, म्हणून अंड्यातून नवी पिल्लं येतील तसं आठ दहा दिवसांनी परत. जिथे एकही अळी नव्हती त्या बाजूच्या फांद्यांना निमतेल, लिटरला ५ मिली, साबणात नीट फेटून, ऊन उतरल्यावर, आधी चार पानांवर मारून दोन दिवस बघून. उन्हात त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन (किडींवर काम करणारं द्रव्य) लवकर निकामी होतं आणि वर पानं भाजतात ते वेगळंच. आणि काका दर पंधरा दिवसांनी युरिया टाकत होते तो बंद केला, भरमसाठ नत्राने लुसलुशीत पालवी येते आणि रस शोषणाऱ्यांना तेच हवं असतं.

नंतर परत गेले तेव्हा मुंग्या खोडावर नव्हत्या, नवी पालवी स्वच्छ होती आणि अळ्या भिंतीकडची फांदी संपवून मधल्या फांद्यांवर आल्या होत्या. काका आता भिंग विकत घेऊन बसले होते. थोडे पिठ्या ढेकूण होतेच आणि ते राहू द्यायचे म्हटलं, सगळे संपले तर ढालकिडे उपाशी मरतील किंवा उडून जातील. काकूंना फळाचं पडलेलं, फुलं येऊन गळतात म्हणून. ह्याच्या फुलात आधी मादीची बाजू तयार होते आणि परागकण नंतर सुटतात, त्यामुळे जुन्या फुलातले परागकण ब्रशवर घेऊन नुकत्या उमलायला लागलेल्या फुलात लावायचे, ते त्यांना करून दाखवलं. काकूंचा हात काकांपेक्षा स्थिर आहे, ते काम त्यांच्याकडेच ठेवलं.

एक गोष्ट मात्र राहिलीय. भिंतीपलीकडून एक जास्वंद इकडे झुकलीय, तिच्या शेंड्यांवर तोच पांढरा कापूस, आणि मला वाटतं सुरुवात तिथूनच झालीय. जास्वंद शेजाऱ्यांची, आणि काकांचं शेजाऱ्यांशी पार्किंगवरून बोलणं बंद. साबणाचं माप मी दोन चिठ्ठ्यांवर लिहून दिलं, दुसरी पलीकडे कशी पोचवायची ते काकांनी ठरवायचं.