तुम्ही विचारलंत म्हणून: हँडल परत का बदललं

"अगं, एवढ्या हौसेने मोटरसायकलमध्ये बदल केलेस आणि परत कंपनीच्याच जागी हँडल?" असं विचारतात. मला मात्र ऐकू येतं ते, "झेपली नाही ना?"

झेपते. गाडी २३० किलोची, मी पाच फूट एक इंच, आणि दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात. क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची ऐसपैस मोटरसायकल, घेतली ती त्यासाठीच. पण सीट खाली असली तरी बाकी सगळं दूर: फूटरेस्ट पुढे, हँडलही माझ्या हातांना लांब. पाय पुढे पसरलेले असल्यामुळे खड्ड्यावर जरा उचलून धरायची सोय नाही, सगळा दणका माकडहाडावर. अर्ध्या तासात खांद्यांच्या मधोमध ठणका सुरू व्हायचा. म्हणून रायझर आणले, हँडल दोन इंच वर आणि दीड इंच मागे घेणारे. ती शोभा नव्हती, हे एकदा लिहून ठेवते, कारण 'मिरवायला केलं आणि अंगाशी आलं' असंही एकाने ऐकवलं आहे. मिरवायचंच असतं तर सायलेन्सर बदलला असता. तो बदलला नाही, कारण नुसता मोकळा सायलेन्सर लावून भागत नाही, पेट्रोल-हवेचं प्रमाणही नव्याने जुळवावं लागतं, आणि नव्या इंजिनावर मला ते प्रयोग नको होते.

नव्या इंजिनाच्या बाबतीत मी फारच सोवळी होते. पहिले दोनशे किलोमीटर टॉप गिअरमध्ये, पन्नासच्या आत, एकाच संथ चालीत. तुम्ही हसलात तेव्हा राग आला होता. आता सांगते, तुमचं हसणं थोडं बरोबर होतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात मुद्दाम घासून काढलेल्या, बारीक तिरक्या रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून आपली जागा करतात, आणि त्यांना भिंतीवर दाबून धरायला जळणाऱ्या वायूचा दाब लागतो. थ्रॉटल, म्हणजे उजव्या मुठीचा अ‍ॅक्सिलरेटर, कायम जेमतेम उघडा ठेवला तर तो दाबच मिळत नाही. भिंत चकाकते, रिंगा अर्धवट बसतात आणि गाडी पुढे ऑइल पीत राहते. वरच्या गिअरात कुंथत चालवणं तर आणखी वाईट. मग मी मधल्या गिअरात वेग वरखाली करत, थ्रॉटल उघडत आणि सोडत चालवायला लागले, पण पुस्तिकेतली मर्यादा पाळून. 'पहिल्या दिवसापासून पिळा' म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याएवढी माझी खात्री नाही.

रायझर बसवले तेव्हा ओडोमीटर ३३६ वर होता. स्वतः बसवले, टॉर्कच्या पान्याने, बोल्ट सांगितलेल्या आकड्याइतकेच आवळून. खोक्यावर लिहिलं होतं, हँडलपासून इंजिनाकडे जाणाऱ्या थ्रॉटल-क्लचच्या केबल बदलायची गरज नाही. तरी मी केबल तपासल्या. तपासल्या होत्या हो. पण हँडल सरळ ठेवून, इंजिन बंद करून.

सहा किलोमीटर चालवून आले, खांदे खरंच हलके वाटले. बाबा दारातच उभे होते. म्हणाले, "मला एक चक्कर मारून आण." मला दुचाकी शिकवली ती त्यांनीच. ते मागे बसले आणि मी गाडी ओळखीच्या मोठ्या पार्किंगमध्ये नेली. सुट्टीचा दिवस, पूर्ण रिकामं. टोकाला जाऊन डावीकडे वळायचं होतं. वेग चालण्याइतका, क्लच अर्धा दाबलेला. हँडल डावीकडे शेवटपर्यंत गेलं आणि इंजिनाचा आवाज चढला. मी चढवला नव्हता, किंवा तेव्हा असं वाटलं. गाडी पुढे झेपावली, आणि कधीही करू नये ते मी केलं: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक आवळला.

एवढी जड गाडी धाडकन पडत नाही. आधी हळूहळू झुकते, सावरता येईल असं वाटत राहतं, आणि मग एका कोनापुढे कुणाचेच हात पुरत नाहीत. क्रॅश गार्डमुळे माझा पाय वाचला. बाबांनी हात टेकला. ते जमिनीवर बसून उजव्या हाताने डावं मनगट धरून होते. पहिलं वाक्य बोलले ते, "किल स्विच दाब." इंजिन कधीच बंद पडलं होतं. मी तरी दाबला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सहा आठवडे त्यांच्या शर्टाची बटणं आईने लावली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की पार्किंगमध्ये पाय घसरला. तुमच्यापैकी काहींनाही तेच सांगितलं. मी शेजारी बसून ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. म्हणून तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून विचारत राहिलात. यात तुमची चूक नाही.

आठवड्याने मी गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल सावकाश डावीकडे फिरवत नेलं. इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा ११०० वरून १५०० च्या आसपास गेला. केबल ताणली जात होती, थ्रॉटल आपोआप उघडत होता. मला हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. दोष केबलचा, खोक्यावरच्या वाक्याचा. दोन दिवस मी हे घरात सगळ्यांना समजावून सांगत होते.

पण ४०० आरपीएमने दोन माणसांसकट ती गाडी तशी झेपावत नाही. मग पुन्हा वर बसून, इंजिन बंद ठेवून, हँडल वळवलं आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. कोपर सरळ, बोटं मुठीला लटकलेली. मूठ अशी आपल्याकडे ओढली की थ्रॉटल उघडतो. म्हणजे आवाज केबलने चढवला आणि उरलेलं मी केलं? की सगळं मीच? आज विचारलंत तर निम्मं-निम्मं म्हणेन, उद्याचं माहीत नाही.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. मूळ हँडल तर आणखी लांब, त्यावर हात आणखी ताणतो, मग तेच परत का? कारण त्याच्यावर मी ३३६ किलोमीटर वळले होते. वळताना कमरेतून किती पुढे जायचं हे माझ्या अंगाला ठाऊक होतं. नव्या हँडलवर सहा किलोमीटर झाले होते, आणि मागे माणूस बसल्यावर गाडी वेगळीच वळते हे तर मी धरलंच नव्हतं. इंजिनाची रिंग न् रिंग बसावी म्हणून जीव टाकणारी मी! पुस्तिकेत लिहिलेलं सगळं पाळलं, माझ्या हातांबद्दल काही लिहिलं नव्हतं म्हणून तिकडे पाहिलं नाही. त्यात भीती आहे का? आहे. मात्र 'झेपली नाही' याच्याशी तिचा संबंध जोडू नका. २३० किलोची भीती मला तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

गाडी आता तीन हजारांच्या पुढे गेली आहे, ऑइलची पातळी अजून हललेली नाही. खांदे मात्र पुन्हा ठणकतात. चार इंच जास्त लांबीच्या केबल मागवल्या, त्या आल्या, रायझरशेजारी कपाटात आहेत. दोनदा बाहेर काढून टाकीवर आडव्या धरून पाहिल्या आणि परत ठेवल्या. बाबांचं मनगट आता वळतं, पूर्ण नाही. परवा त्यांनी विचारलं, "केबल लावलीस का?"

म्हटलं, "बघते."