आमची वाटचाल : रहिवासी वेगळा, नागरिक वेगळा

बाजीराव रस्त्यावर दोन टेबलं, उसना प्रिंटर आणि एक इन्व्हर्टर, एवढ्यावर २००८ साली आमचं दुकान सुरू झालं. मी दुकानच म्हणतो. अमेरिकेतल्या वकिलांना पक्षकारांचं नागरिकत्व, म्हणजे कोण कोणत्या राज्याचा कायमचा, हे शोधून द्यायचं, हा आमचा माल. दोन बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या, किंवा एक बाजू परदेशी आणि दुसरी एखाद्या राज्याची, एवढ्या आधारावर फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात जाता येतं, त्याला डायव्हर्सिटी म्हणतात. त्या वाटेने जायचं तर वादीपैकी एकाचंही राज्य प्रतिवादीपैकी कुणाच्या राज्याशी जुळता कामा नये, हे १८०६ पासून चालत आलंय. दावा ७५ हजार डॉलरच्या वरचा हवा. रकमेचं वकील बघतात, माणसांचं आम्ही.

माझे वडील तलाठी. खातेदार मयत, त्याचे वारस, त्यातला एक मयत, मग त्याचे वारस, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. एलएलसी, म्हणजे सभासदांच्या मालकीची मर्यादित जबाबदारीची कंपनी, पहिल्यांदा हाताळली तेव्हा वाटलं, ही तर वारसनोंदच! कॉर्पोरेशनचं सोपं : नोंदणी जिथली ते राज्य, आणि वरचे अधिकारी जिथून कारभार हाकतात ते. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या हर्ट्झ निकालानंतर तर कारखाने मोजायचीही गरज उरली नाही. एलएलसीला मात्र स्वतःचं राज्यच नसतं. तिच्या सभासदांची राज्यं तीच तिची. सभासद दुसरी एलएलसी असली की तिचे सभासद, आणि असं खाली खाली, माणूस किंवा कॉर्पोरेशन लागेपर्यंत. म्हणून आमच्या पत्रकाचं नाव ‘वंशावळ’. प्रत्येक नावापुढे राज्य, पुरावा आणि तारीख. दावा दाखल झाला त्या दिवशीचंच नागरिकत्व धरतात, त्यामुळे तारखेशिवाय नोंद आम्ही घेतच नाही. फेडरल कोर्टांचे कागद ‘पेसर’ या त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात; तेव्हा पानाला आठ सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त दोन डॉलर चाळीस सेंट, पहिल्या वर्षी तेही मी वहीत लिहायचो.

आमचं पहिलं गिऱ्हाईक शिकागोचे एक वकीलसाहेब. तिथलं अपील कोर्ट या बाबतीत भलतंच कडक, ‘आमच्या माहितीप्रमाणे’ म्हणून सुटका नाही. पहिल्याच कामात एका सभासदाचा पत्ता आम्हाला लागेना. अंदाजाने भरावं असं मनात आलं होतं, पण चौकट लाल करून रिकामी पाठवली. साहेबांनी उलट लिहिलं, रिकामी चौकट पाठवणारे तुम्ही पहिलेच. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी काम दुसरीकडे दिलेलं नाही.

या धंद्यात येणाऱ्यांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. कागदावर ‘रेसिडेंट’ दिसलं की तिथेच थांबा. राहणं वेगळं आणि कायम राहायचा इरादा वेगळा. इरादा पोटात असतो, पण कागदावर उतरतो : मतदार नोंदणी, गाडीचा परवाना, टॅक्स कोणत्या राज्यात भरला, राहत्या घरावरची होमस्टेड करसवलत घेतली का. आणि एलएलसी डेलावेअर राज्यात नोंदलेली आहे हे मला कुणी कौतुकाने सांगू नये. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

मधली दहा वर्षं बरी गेली. मग २०१९.

माझा भागीदार न्यू जर्सीत बरीच वर्षं राहून, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन २००७ मध्ये परत आला होता. तिथलं घर विकलं, कोथरूडला फ्लॅट घेतला, मुलं इथल्या शाळेत घातली. धंद्याची अक्कल त्याची, हे मी नाकारत नाही. पण एका सोमवारी आलो तर नऊपैकी सहा खुर्च्या रिकाम्या. माणसं गेली, गिऱ्हाइकांची यादी गेली, आणि वंशावळीचा नमुना तर रंगांसकट गेला. महिन्याभरात त्याच्या नव्या एलएलसीचं जाहिरातपत्रक आमच्याच गिऱ्हाइकांना पोचलं, दर आमच्या निम्मे. नोंदणी डेलावेअरची, पत्ता न्यू जर्सीतल्या एका टपालपेटीचा, सभासद तो एकटाच. त्या दिवाळीत बोनस द्यायला बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या.

शिकागोचे साहेब चिडले. म्हणाले, न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात दावा लावू, मी फी घेणार नाही. तुम्ही परदेशी, तो अमेरिकी, बसतंय. मी म्हटलं, साहेब, आधी वंशावळ करू.

रात्री दोनपर्यंत बसलो. आम्ही उरलेले भागीदार भारतीय, ती बाजू चोख. त्याची बाजू उघडली आणि हसावं की रडावं कळेना. अमेरिकी नागरिक खरा, पण कायमचा मुक्काम कोथरूडला. म्हणजे कोणत्याच राज्याचा नागरिक नाही. आणि अमेरिकी असल्यामुळे परदेशीही नाही. काराकासला स्थायिक झालेल्या एका अमेरिकी माणसावरून सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये हेच सांगितलंय. तो अधांतरी, म्हणून त्याची एलएलसीही अधांतरी. डायव्हर्सिटीचं दार बंद. न्यू जर्सीचं राज्य कोर्ट उघडं होतं, पण तिथला खर्च आमच्या दोन वर्षांच्या कमाईएवढा. साहेबांनी पत्रक बघितलं आणि एवढंच लिहिलं, ‘दुर्दैवाने बरोबर आहे.’

डिसेंबर २०२२ पासून फेडरल कोर्टांच्या दिवाणी कामकाजाचा नियम ७.१ बदलला. डायव्हर्सिटीच्या खटल्यात प्रत्येक पक्षकाराला आपलं नागरिकत्व सुरुवातीलाच लिहून द्यावं लागतं, एलएलसीला सगळ्या सभासदांसकट. त्याने आम्हाला हात दिला. त्या जुन्या भागीदारालाही दिला असणार. बांगड्या सोडवल्या, माणसं पुन्हा नऊ झाली.

नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सरावाला तेच पत्रक देतो. नाव खोडलेलं आहे. राज्याच्या रकान्यात बहुतेक जण ‘न्यू जर्सी’ लिहितात.