क्रॅवथचं कार्ड आणि फिलाडेल्फियाची भिंत

शाळेत मागच्या बाकावर पान उघडून शेवटच्या आकड्यावर क्रिकेट चालतं ना, अमेरिकेतला टेबलावरचा बेसबॉल त्याचा थोरला भाऊ समजा. फरक एवढाच, की आपल्या पुस्तकात गावसकर आणि चंद्रशेखर सारख्याच धावा काढतात. इथे प्रत्येक खेळाडूला त्याच्या एका मोसमाच्या आकड्यांवरून बेतलेलं कार्ड असतं.

यातला नावाजलेला खेळ म्हणजे हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये आणलेला स्ट्रॅट-ओ-मॅटिक. तीन फासे टाकायचे. वेगळ्या रंगाच्या फाशावर १ ते ३ पडले तर बॅटरच्या कार्डावरचा त्या क्रमांकाचा रकाना, ४ ते ६ पडले तर पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) कार्डावरचा. बाकी दोन फाशांची बेरीज म्हणजे ओळ. ३६ पैकी ७ सहा प्रकारे पडते, ६ आणि ८ प्रत्येकी पाच, १० तीन, १२ फक्त एक. तीन रकान्यांच्या एका कार्डावर १०८ संधी, दोन्ही कार्डं मिळून २१६.

आता १९२० च्या आधीचा डेडबॉल काळ. चेंडू मळून मऊ झाला तरी तोच चालवायचे, थुंकी लावायलाही मुभा. फ्रँक बेकरला लोक ‘होमरन बेकर’ म्हणत (होमरन म्हणजे बॅटरला सगळे बेस फिरवून धाव देणारा फटका, बहुधा भिंतीपलीकडचा), पण १९११ ते १९१४ या चार मोसमांत त्याचे होमरन ११, १०, १२ आणि ९. एवढ्यावर तो अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे दोन मोठ्या लीगपैकी एकीत, पहिला! नावाला भुलून त्याचं कार्ड घेणाऱ्याचा हिरमोड ठरलेला. या काळातला जोर ट्रिपलमध्ये, म्हणजे तिसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्यांत शोधावा. पिट्सबर्गच्या ओवेन विल्सनचे १९१२ मधले ३६ ट्रिपल अजून कुणाला गाठता आलेले नाहीत.

अपवाद गॅव्ही क्रॅवथचा. फिलाडेल्फिया फिलीज संघाकडून १९१५ मध्ये २४ होमरन. त्या मोसमाचा कार्डांचा संच हाताशी नसेल तर कार्ड घरी बनवता येतं. प्लेटवरच्या त्याच्या खेपा, म्हणजे तो बॅटिंगला आला त्या वेळा, सुमारे ६२०. २४ भागिले ६२०, गुणिले २१६, म्हणजे ८ च्या किंचित वर. त्या काळच्या पिचरच्या कार्डावर होमरन जेमतेम अर्धी संधी, ती वजा केली की बॅटरकडे ८ उरतात. डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचे फटके) ३१, म्हणजे ११ संधी. चार-साडेचार पिचरकडे सोडून साडेसहा. त्यासाठी बेरीज ७ ची एक पूर्ण ओळ द्या. अर्धी उरते, ती १२ वर ठेवा: वीस बाजूंच्या फाशावर १ ते १० आले तर डबल, नाहीतर बाद. असा फासा नसेल तर १ ते २० च्या चिठ्ठ्या चालतात.

पण होमरनच्या त्या ८ संधी तशाच छापल्या की कार्ड खोटं बोलू लागतं. २४ पैकी १९ होमरन घरच्या बेकर बोलवर झाले, बाहेर फक्त ५. ब्रॉड स्ट्रीट आणि लीहाय ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या त्या मैदानात उजवीकडची पत्र्याची भिंत जेमतेम २८० फुटांवर होती. (१९१४ मध्ये तर त्याचे १९ च्या १९ होमरन तिथलेच.) म्हणून दोन भाग करा. बेरीज १० ची एक ओळ कुठेही होमरन: ३ संधी. दुसऱ्या रकान्यातल्या ६ आणि ८ या ओळींवर हिऱ्याची खूण करा: १० संधी, बेकर बोलवर होमरन, इतरत्र उजव्या बाजूला झेल. घरी १३, बाहेर ३, सरासरी ८.

कुठल्या मैदानात होमरन किती सोपा, हे सांगणारे मैदानाचे तयार आकडे लावताना एक गफलत हमखास होते. ते डावखुऱ्या आणि उजव्या बॅटरसाठी वेगळे असतात, आणि जवळच्या उजव्या भिंतीचा फायदा डावखुऱ्यांच्या खात्यात जातो. क्रॅवथ उजव्या हाताचा, पण मारायचा उजवीकडेच. नियमाला चिकटून राहिलात तर त्याचीच भिंत त्याच्याकडून काढून घ्याल.

दुसरी चूक म्हणजे काळाची भेळ. आजच्या पिचरच्या कार्डावर होमरनच्या तीनेक संधी असतात. ८ आणि ३ मिळून ११, म्हणजे मोसमाअखेर क्रॅवथचे होमरन तीसच्या वर जातात. पिचर १९१५ चेच घ्या.

१९१९ चं कार्ड जपून वापरा. त्या वर्षी सुमारे २५० खेपांत १२ होमरन, म्हणजे २१६ मध्ये दहाच्या वर. १९१५ पेक्षाही तिखट. रोज खेळवलात तर आकडे फुगतात. वहीत खेपा मोजत राहा आणि २५० भरल्या की त्याला बाकावर बसवा.