दीज आर माय सासूबाई

परवा क्लासमध्ये एकीनं उभं राहून ओळख करून दिली, "दीज आर माय मदर-इन-लॉ." सासूबाई खरंच दारात होत्या, नातवाला घेऊन आलेल्या. बाकीच्या खुदुखुदू हसल्या. मला मात्र तिची अडचण कळली. 'ही माझी सासू' म्हटलं असतं तर घरी काय झालं असतं, हे मलाही ठाऊक आहे. आपण आदरापोटी एका माणसाचं अनेकवचन करतो. इंग्रजीत एक म्हणजे एकच, मग सासू असो की कलेक्टर. दिस इज माय मदर-इन-लॉ. आदर आवाजात दाखवायचा.

अशोक चौकाजवळ आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी आठ जणी येतात. पुस्तकात हा धडा पेन-पेन्सिलीनं शिकवलाय. सोलापुरात राहून पेन कशाला? मी टॉवेल घेते. हातातला एक, दिस टॉवेल. मांडीवरची चळत, दीज टॉवेल्स. बाहेर दोरीवर एकच वाळत असला तर दॅट, रांग असली तर दोज. 'हात पोचला तर दिस' एवढ्यावर सुरुवातीला भागतं.

निम्म्या जणी घरी तेलुगू बोलतात. तेलुगूत टॉवेल एक असो की डझनभर, आधी 'ई'च लागतो. म्हणून त्यांच्या तोंडी 'दिस टॉवेल्स' येतं. मराठीवाल्यांचा घोळ निराळा. 'हे घर' म्हणजे एक आणि 'हे टॉवेल' म्हणजे अनेक, दोन्हीकडे 'हे'च! पुन्हा 'ही चादर' एक, 'ही घरं' पुष्कळ. म्हणून भाषांतर करूच नका म्हणते, आधी मोजा. हा-ही-हेचं लिंग तर विसरूनच जा, इंग्रजीला त्याचं काही पडलेलं नाही.

पण मोजायला सांगितलं आणि मीच अडकले. हे केस, हे पैसे, हे तांदूळ आपल्याकडे सगळं अनेकवचनी. तिकडे दिस हेअर, दिस मनी, दिस राइस. डोक्यावर एवढे केस आणि 'दिस'? याला माझ्याकडे उत्तर नाही, पाठ करा म्हटलं. उलट कात्री एक असून दीज सिझर्स. शिवणकाम करणारी एक ताई म्हणाली, "मॅडम, एकच आहे की ओ!" तिच्याच हातातली कात्री उघडून दोन पाती दाखवली, तेव्हा पटलं. चष्म्याच्या दोन काचा, पँटचे दोन पाय तिनं स्वतःच जोडले.

दिस आणि दीज ऐकायला सारखेच वाटतात, त्यावर अजून झगडतोय. दीज लांबवायचं आणि शेवट 'माझा'तल्या झच्या जवळपास न्यायचा.

सासूबाई तोवर पायरीवर बसून ऐकत होत्या. उठताना सुनेकडे बोट करून म्हणाल्या, "दिस माय सून."

'इज' राहिलं. पण दिस पहिल्याच फटक्यात बरोबर आलं. सुनेला 'ही'च म्हणायची सवय ना!